पोर्ट सनलाइट कसे पाहावे : एका आखीव उद्यानग्रामाच्या अभ्यासाची पद्धत

लिव्हरपूलला जाणारे अनेक प्रवासी मर्सी नदीपलीकडच्या पोर्ट सनलाइटसाठी अर्धा दिवस राखून ठेवतात, लेडी लिव्हर कलादालन पाहतात, फुलांच्या ताटव्यांसमोर छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. तेवढेही पाहण्यासारखे आहेच. परंतु एका साबण कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी वसवलेले हे गाव कसे घडले, तेथे राहणाऱ्यांना कोणत्या अटी पाळाव्या लागल्या आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही ते इतके अभंग कसे राहिले, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नाहीत. ती मिळवायची असतील तर गाव एका ठरावीक क्रमाने आणि थोडी पूर्वतयारी करून पाहावे लागते. माझा आग्रह मुख्यतः एका गोष्टीचा आहे : अशी वसाहत जितकी पुढून पाहावी तितकीच मागून पाहावी. घराच्या दर्शनी बाजूवर मालकाला जगाला काय दाखवायचे होते ते दिसते, तर मागच्या अंगणात आणि परसात मालक व भाडेकरू यांच्यातला करार दिसतो.

निघण्यापूर्वी

प्रथम कालक्रम पक्का करावा. बोल्टनच्या एका किराणा व्यापाऱ्याचे पुत्र विल्यम हेस्केथ लिव्हर (१८५१–१९२५) यांनी आपले बंधू जेम्स यांच्यासह वॉरिंग्टन येथे साबणाचे उत्पादन सुरू केले. तेथील जागा लवकरच अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी १८८७ साली विरल द्वीपकल्पावर ५६ एकर दलदलीची जमीन घेतली आणि तिच्यापैकी २४ एकर कारखान्यासाठी व ३२ एकर गावासाठी राखले. ३ मार्च १८८८ रोजी श्रीमती एलिझाबेथ लिव्हर यांच्या हस्ते पहिली कुदळ पडली आणि पुढच्या वर्षी कारखान्यातून साबण बाहेर पडू लागला. भारतात, कोलकात्याच्या बंदरात, सनलाइट साबणाची खोकी उतरली ती १८८८ सालीच. म्हणजे आपल्याकडे आलेल्या त्या पहिल्या वड्या या गावात तयार झालेल्या नसून वॉरिंग्टनच्या होत्या. तारखा शेजारी शेजारी मांडून ठेवल्या की अशा गोष्टी आपोआप लक्षात येतात.

त्यानंतर गावाचा नकाशा समोर घ्यावा आणि दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन काळ वेगळे करावेत. मूळ जमिनीत मर्सीच्या भरतीचे पाणी आत घेणारे खाडीचे अनेक फाटे होते. सुरुवातीची घरे या फाट्यांच्या काठांनी बांधली गेली, आणि म्हणूनच नैऋत्येकडच्या भागातले रस्ते वळणदार आहेत. पुढे भरतीचे पाणी अडवून बहुतेक फाटे बुजवण्यात आले आणि मध्यभागी एकसंध जमीन मोकळी झाली. तिचे काय करावे यासाठी १९१० साली एक स्पर्धा घेण्यात आली आणि ती लिव्हरपूल विद्यापीठात शिकणाऱ्या अर्नेस्ट प्रेस्टविच या विद्यार्थ्याने जिंकली. त्याच्या आराखड्यात द डायमंड आणि द कॉजवे हे दोन प्रशस्त मार्ग एकमेकांना काटकोनात छेदतात. उद्यानरचनाकार थॉमस मॉसन आणि कंपनीचे वास्तुविशारद जेम्स लोमॅक्स-सिम्सन यांनी त्यात फेरबदल केले. वळणदार रस्त्यांना एक रंग आणि सरळ रेषांना दुसरा रंग दिला की गावाचे दोन थर स्पष्ट दिसू लागतात : पहिल्या थरात जमिनीच्या कलाने वाढलेले खेडे आणि दुसऱ्यात कागदावर आधी रेखलेले भव्य चित्र. प्रत्यक्ष चालताना आपण कोणत्या थरात आहोत हे वेळोवेळी स्वतःला विचारत राहावे.

नगररचनेचे शिक्षण आणि हे गाव यांचे नातेही येथेच समजून घ्यावे. साबण कारखानदारांचा संघ उभारण्याच्या लिव्हर यांच्या योजनेवर १९०६ साली वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचे दावे लावले. त्यांतून मिळालेल्या मोठ्या रकमेतून त्यांनी लिव्हरपूल विद्यापीठाला देणगी दिली आणि १९०९ साली तेथे नगररचनेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. असा विद्यापीठीय विभाग जगात पहिलाच मानला जातो. ज्या विद्यापीठाला ही देणगी मिळाली त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने देणगीदाराच्या गावाचा आराखडा बदलला, हे मला फार बोलके वाटते.

सुरुवात कारखान्यापासून

मर्सीरेलची विरल मार्गावरची गाडी लिव्हरपूलहून सुमारे वीस मिनिटांत पोर्ट सनलाइट स्थानकावर पोहोचवते. स्थानकातून बाहेर पडल्यावर लगेच बागांकडे वळू नये. प्रथम वुड स्ट्रीटवर जाऊन कारखान्याच्या कार्यालयाची लांबलचक दर्शनी इमारत पाहावी आणि तिच्याकडे पाठ करून गावाकडे नजर टाकावी. ही सर्व रचना या कारखान्याच्या भोंग्याशी बांधलेली होती. कारखाना बाजूला ठेवून गाव पाहिले तर ते नुसते चित्रपटाचे नेपथ्य होऊन बसते.

तेथून जवळच ग्लॅडस्टन हॉल आहे. माजी आणि भावी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८९१ साली त्याचे उद्घाटन केले. हे पुरुष कामगारांचे भोजनगृह होते. स्त्री कामगारांसाठी १९०१ साली ह्यूम हॉल बांधण्यात आला आणि त्याला लिव्हर यांच्या पत्नीच्या माहेरचे नाव देण्यात आले. स्त्री-पुरुषांच्या भोजनाच्या जागा वेगळ्या, अविवाहित मुलींसाठी वेगळे वसतिगृह, शाळा, चर्च, पोहण्याचा तलाव, वाचनालय अशी सोय दिवसाच्या जवळजवळ प्रत्येक प्रहरासाठी केलेली होती; आणि सोयीबरोबर देखरेखही आली. प्रत्येक सार्वजनिक इमारतीपाशी थांबून ती कोणासाठी होती, तिच्यात कोणाला प्रवेश नव्हता आणि आज तिचा उपयोग काय, हे तीन प्रश्न वहीत लिहावेत. ग्लॅडस्टन हॉल आज नाट्यगृह आहे. ह्यूम हॉलमध्ये पुढे काही काळ चित्रे मांडली गेली, आणि १८ ऑगस्ट १९६२ रोजी रिंगो स्टारने बीटल्सचा अधिकृत सदस्य म्हणून पहिल्यांदा ड्रम वाजवले ते याच सभागृहात.

ब्रिज इन या खाणावळीची गोष्ट या प्रश्नावलीत अगदी चपखल बसते. लिव्हर स्वतः मद्यविरोधी होते आणि १९०० साली ही खाणावळ मद्यविरहित म्हणूनच उघडली. थोड्याच काळात तेथे दारू मिळावी अशी मागणी झाली, गावात मतदान घेतले गेले, मोठ्या बहुमताने कौल दारूच्या बाजूने पडला आणि लिव्हर यांनी तो मान्य केला. मालकाची इच्छा आणि रहिवाशांचे मत यांच्यातला ताण एकाच इमारतीत दाखवणारे याहून चांगले उदाहरण गावात मला दुसरे आढळलेले नाही.

घरे वाचण्याची रीत

गावातल्या घरांसाठी एकूण तीसेक वास्तुविशारदांनी काम केले आणि १९१४ पर्यंत सुमारे ८०० घरे उभी राहिली. पहिली घरे वॉरिंग्टनचे विल्यम ओवेन यांनी बोल्टन रोडवर बांधली. पुढे चेस्टरचे जॉन डग्लस, लिव्हरपूलची ग्रेसन अँड औल्ड ही संस्था, अर्नेस्ट न्यूटन अशी अनेक नावे येतात. कॉर्निश रोडवरच्या १७ ते २३ क्रमांकाच्या घरांसमोर भारतीय पाहुण्याने अवश्य थांबावे, कारण ती एडविन लट्येन्स यांची आहेत. नवी दिल्लीचा आराखडा त्यांच्या हाती येण्यास तेव्हा बराच अवकाश होता आणि हा तरुण वास्तुविशारद येथे कामगारांच्या चार घरांची एक ओळ रचत होता.

घरांकडे एकेक घर म्हणून पाहू नये, गट म्हणून पाहावे. एका गटात थोडीच घरे असतात आणि शेजारच्या गटाचा वास्तुविशारद बहुधा वेगळा असतो. प्रत्येक गटासाठी भिंतींचे साहित्य, छपराचा उतार आणि त्याखालच्या त्रिकोणी भिंतीची रचना, धुराडी, दारे-खिडक्यांचे प्रमाण आणि कोपऱ्यावरच्या घराची हाताळणी एवढ्या गोष्टी टिपाव्यात. लाल वीट, वाळूचा दगड, काळ्या लाकडी चौकटींमध्ये भरलेला पांढरा गिलावा, फ्लँडर्सच्या धर्तीची पायऱ्यापायऱ्यांची त्रिकोणी भिंत, चुन्यात उठवलेली नक्षी अशी जुन्या इंग्लंडची आठवण करून देणारी सामग्री येथे मुद्दाम वापरली आहे. औद्योगिक शहरांतल्या एकसारख्या, पाठीला पाठ लावलेल्या चाळवजा घरांना हे जाणीवपूर्वक दिलेले उत्तर होते. मात्र या विविधतेमागे मोजकेच दोन नमुने आहेत, हे ध्यानात ठेवावे. साध्या घरात स्वयंपाकघर, मोरीची खोली, कोठार आणि वर तीन शयनगृहे असत. मोठ्या घरात त्यांखेरीज एक बैठकीची खोली आणि चौथे शयनगृह असे. बाहेरून एखाद्या जमीनदाराच्या वाड्यासारखे भासणारे घर आतून या दोनांपैकी एक असते. त्यामुळे समोरून कितीही नक्षी दिसली तरी पहिला प्रश्न आत किती खोल्या, हाच असावा. त्याची खातरजमा करण्यासाठी २२, विंडी बँक येथे कामगाराचे घर सातव्या एडवर्ड राजाच्या काळाप्रमाणे मांडून ठेवलेले आहे. ते केव्हा उघडे असते याची चौकशी गावातल्या संग्रहालयात आधीच करावी.

पुढची बाग आणि मागचे परस

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घरांपुढे कुंपणे नाहीत आणि हिरवळ रस्त्यापर्यंत सलग पसरलेली आहे. ही हिरवळ राखणे घरमालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. आरंभी काही रहिवाशांनी पुढच्या अंगणात कोंबड्या पाळल्या आणि दर्शनी कठड्यांवर कपडे वाळत घातले, तेव्हा कंपनीने पुढच्या बागांची निगा स्वतःकडे घेतली. तीच व्यवस्था आज ग्रामविश्वस्त संस्था चालवते. म्हणजे ज्या एकसंध हिरवळीचे आपण कौतुक करतो ती रहिवाशांच्या बागकामाची हौस नसून एका नियमाचे फळ आहे. हौसेला जागा होती ती मागे.

म्हणून प्रत्येक मोठ्या चौकाला बाहेरून एक फेरी घातल्यानंतर त्याच्या मागच्या गल्लीत शिरावे, अर्थात खाजगी आवारात न जाता. चौकाच्या कडेने घरे बाहेर तोंड करून उभी आहेत आणि मधली मोठी जागा भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी सोडलेली होती. कामगार तेथे माफक भाड्याने वाफा घेऊन बटाटे, कोबी, वाटाणे पिकवीत. दर्शनी बाजूची नक्षी मागे कुठेही नाही. तेथे साधी वीट, छोटे आवार आणि सुरुवातीच्या काळात आवारातच शौचकूप असे. कालांतराने अनेक वाफ्यांच्या जागी मोटारींसाठी गाळे आणि वाहनतळ आले. किती जागा अजून लागवडीखाली आहे आणि किती गाड्यांखाली गेली हे नकाशावर रंगवून पाहावे. गावाच्या वारशातला सर्वांत मोठा बदल याच जागेत झाला आहे आणि दर्शनी सौंदर्याच्या गौरवात तो बहुधा निसटतो. जतनाच्या चर्चेत धुराड्यांना जेवढे महत्त्व मिळते तेवढेच या वाफ्यांना मिळायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे; उद्यानग्राम या कल्पनेत राहणे आणि पिकवणे जवळ असावे हा विचार मुळापासून होता.

या कल्पनेच्या वंशावळीत पोर्ट सनलाइटचे स्थान ठरवताना बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलशी तुलना करावी. जॉर्ज कॅडबरी यांनी ते १८९५ पासून वसवले आणि १९०० साली स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपवले. बोर्नव्हिलची घरे कारखान्याबाहेरच्या लोकांनाही मिळत, पोर्ट सनलाइटची मात्र लिव्हर यांच्या नोकरांसाठीच होती. शहर आणि खेडे यांचे गुण एकत्र आणणारी नवी, हिरवी शहरे वसवू पाहणाऱ्या उद्याननगर चळवळीची १९०१ ची परिषद बोर्नव्हिलला आणि १९०२ ची पोर्ट सनलाइटला भरली, आणि १९०३ पासून लेचवर्थ हे पहिले उद्याननगर उभे राहू लागले. इतका संदर्भ पुरेसा आहे. यात फार अडकू नये.

व्यवहार समजून घेणे

लिव्हर या योजनेला भरभराटीची वाटणी म्हणत. नफ्यातला हिस्सा रोख वाटला तर तो दारूत, मिठाईत आणि नाताळच्या मेजवानीत संपेल, त्यापेक्षा तो माझ्याकडे राहू द्या, मी त्यातून तुम्हाला चांगली घरे आणि सुखाचे जीवन देईन, असा त्यांचा युक्तिवाद होता. घरभाडे देखभालीचा खर्च निघेल एवढेच असावे आणि बांधकामात गुंतवलेल्या भांडवलावर कंपनीने व्याज घेऊ नये, हे तत्त्व त्यातून आले. तेव्हाच्या मजुरांच्या वस्त्या ज्यांना माहीत आहेत त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. पण घर नोकरीशी बांधलेले होते : नोकरी गेली की घरही जाई. बोल्टनच्या एका अभियांत्रिकी कामगार संघटनेच्या सचिवाने १९१९ साली लिव्हर यांना लिहिले की स्वतंत्र वृत्तीच्या माणसाला पोर्ट सनलाइटच्या हवेत फार काळ श्वास घेता येणार नाही. लिव्हर यांना केवळ परोपकारी ठरवणे किंवा केवळ ढोंगी ठरवणे हे दोन्ही सोपे आहे, आणि गाव नीट पाहणाऱ्याने दोन्ही टाळावे. घर खरोखर चांगले होते आणि अटही खरोखर कडक होती.

दुसरा व्यवहार गावाबाहेरचा आहे. सनलाइट साबणात चरबीपेक्षा वनस्पती तेलांचे प्रमाण जास्त होते, आणि तेलाची भूक वाढत गेली तशी कंपनी उष्ण कटिबंधाकडे वळली. १९११ साली लिव्हर यांनी बेल्जियमच्या सरकारशी करार करून काँगोत पाम तेलासाठी प्रचंड सवलती मिळवल्या. तेथील मुख्य ठाण्याला लिव्हरव्हिल हे नाव दिले. आज त्याला लुसांगा म्हणतात. पामची फळे गोळा करण्यासाठी वसाहतवादी प्रशासनाच्या मदतीने सक्तीची मजुरी वापरली गेली आणि त्या प्रदेशातल्या पेंडे लोकांनी १९३१ साली उठाव केला. हिरवळीवर उभे राहून हे आठवणे मला आवश्यक वाटते, कारण विरलमधल्या कामगाराला मिळालेली बैठकीची खोली आणि क्विलू नदीकाठच्या मजुरावरची सक्ती एकाच हिशेबवहीत येतात. हाच धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो : कंपनीच्या भारतीय शाखेने १९३४ साली शिवडीला साबणाचा कारखाना सुरू केला, तेव्हा साबण तेथे आला पण असे गाव आले नाही.

स्मारके आणि आजचे नियम

द डायमंडच्या एका टोकाला लेडी लिव्हर कलादालन आहे. विल्यम आणि सेगर ओवेन या पितापुत्रांनी त्याची रचना केली, १९१३ साली निवर्तलेल्या पत्नीच्या स्मरणार्थ लिव्हर यांनी ते बांधले आणि १९२२ साली राजकन्या बिएट्रिस यांनी त्याचे उद्घाटन केले. प्रवेश विनामूल्य आहे. दोन्ही मार्ग जेथे छेदतात तेथे सर विल्यम गॉस्कोम जॉन यांनी घडवलेले युद्धस्मारक आहे. १९२१ साली त्याचे अनावरण कोण्या मानकऱ्याने नव्हे, तर युद्धात दृष्टी गमावलेल्या सार्जंट ईम्स या कंपनीच्याच कामगाराने केले. स्मारकाभोवती फिरून त्यावरची स्त्रिया आणि मुले पाहावीत, कारण घराचे रक्षण हाच त्याचा विषय आहे, आणि घरासाठीच ख्यात असलेल्या गावाने तो निवडावा हे स्वाभाविक आहे. कॉजवेच्या पश्चिम टोकाच्या ख्राइस्ट चर्चमध्ये लिव्हर पतिपत्नींची समाधी आहे.

शेवटी जतनाची बाजू तपासावी. गाव १९७८ पासून संरक्षित क्षेत्र आहे आणि सुमारे ९०० वास्तू वारसा यादीच्या दुसऱ्या श्रेणीत आहेत. १९८० च्या दशकापासून घरे विकली जाऊ लागली, त्यामुळे आता कंपनीशी संबंध नसलेली कुटुंबेही येथे राहतात. १९९९ साली ग्रामविश्वस्त संस्था स्थापन झाली आणि उरलेली घरे, सार्वजनिक बागा आणि अनेक इमारती तिच्याकडे आल्या. एका मालकाचे गाव शेकडो मालकांचे झाले, की एकजिनसी रूप टिकवणे कठीण होते. खिडकीच्या तावदानांची विभागणी, दाराचा रंग, छपरावरची कौले या प्रत्येक बदलासाठी परवानगी लागते. या नियमांचा खर्च रहिवाशाच्या खिशातून जातो, विशेषतः थंडीच्या दिवसांत जुन्या लाकडी खिडक्यांतून ऊब निघून जाते तेव्हा. कोणाही रहिवाशाशी बोलण्याचा योग आला तर घर किती सुंदर आहे हे विचारण्याऐवजी मागची खिडकी बदलायला काय करावे लागले, हे विचारावे.

पायांत बळ उरले असेल तर न्यू चेस्टर रोड ओलांडून पूर्वेला ब्रॉम्बरो पूलपर्यंत जावे. मेणबत्त्या बनवणाऱ्या प्राइस कंपनीने १८५३ पासून, म्हणजे लिव्हर येण्याच्या पस्तीस वर्षे आधी, त्याच खाडीच्या काठावर आपल्या कामगारांसाठी वसाहत बांधली. लिव्हरपूल बंदरात उतरणारे पश्चिम आफ्रिकेचे पाम तेल हेच त्यांचेही जागा निवडण्याचे कारण होते. तेथे अलंकार नाहीत, पर्यटक फारसे फिरकत नाहीत. विटांच्या साध्या घरांच्या ओळी आणि प्रत्येक घराला बाग आहे. पोर्ट सनलाइटसाठी केलेली टिपणाची वही तेथे पुन्हा उघडावी आणि तेच रकाने भरावेत. परतीची गाडी पोर्ट सनलाइटच्या ऐवजी बेबिंग्टन स्थानकावरूनही मिळते.